कोकरानं खाल्लेलं पान

मी एका मुलीकडून पुस्तकात नसलेलं पान वाचून घेतलं, तिनं ते घडाघडा वाचलं, आणि त्याबद्दल मी तिला कंपासपेटी बक्षीस दिली. साहेबांसमोर, टाळ्या वाजवून. एवढी वर्षं ही गोष्ट मी घरात कुणाला सांगितली नाही, कारण सूनबाईपुढं माझी थोडी पत आहे. पण आता दात गेले, गुडघे गेले, पत राखून तिचं काय लोणचं घालायचंय?

आमची शाळा धारूरच्या डोंगरात, घाट उतरल्यावर एका वस्तीवर होती. दोन खोल्या आणि दोन शिक्षक. पहिली-दुसरी मुख्याध्यापक गुरुजींकडं, तिसरी-चौथी माझ्याकडं. मी धारूरहून सकाळच्या एसटीनं यायचे, फाट्यावर उतरायचे आणि तिथून अर्धा कोस चालायचे. तेव्हा मी चाळिशीच्या आतबाहेर होते. इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स, हातात छत्री, आणि चाल अशी की डोंगरालाच शिकवायला निघाली आहे. ती बाई आज मला रस्त्यात भेटली तर मी बाजूला होऊन तिला वाट देईन, आणि ती पुढं गेली की पदर तोंडाला लावून हसेन.

त्या बाईला आपल्या आवाजाचा फार अभिमान. तिची शिकवायची रीत सोपी होती. आपण एक ओळ म्हणायची, एकोणीस लेकरांनी बोट पुस्तकावर ठेवून ती ओरडायची. मग दुसरी ओळ. फाट्यावरून येणाऱ्या माणसाला आमची शाळा आधी ऐकू यायची आणि मग दिसायची. ज्या शाळेतून आवाज येत नाही तिथला मास्तर झोपलेला असतो, असं साऱ्या वस्तीचं ठाम मत होतं, आणि माझंही तेच होतं. वस्तीवरच्या बाया धुणं धुता धुता म्हणायच्या, आमच्या बाई लई शिकवतात. मी ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि दुसऱ्या दिवशी आणखी वरचा सूर लावायचे.

या ओरड्याला दुसरंही एक कारण होतं, ते मी तेव्हा स्वतःलाही सांगत नव्हते. मी दमलेली असायचे. शाळेचं कुलूप उघडल्यापासून बंद करेपर्यंत शिकवणं सोडून बाकी सगळं असायचं. खिचडीच्या तांदळात अळ्या आहेत का बघा, शिजली की आधी आपण चाखा, चाखली असं वहीत लिहा. मतदारयादीतलं कोण मेलंय आणि कोण सासरी गेलंय ते घरोघर विचारा. कुणाच्या घरी संडास आहे आणि तो वापरतात की त्यात सरपण ठेवतात, तेही बघा. तक्ता आज भरला तर उद्या तोच तक्ता नव्या रकान्यांसह परत यायचा. एकदा मी पहिली ओळ म्हणून दिली की वर्ग जात्यासारखा आपला आपण फिरत राहायचा, आणि मी टेबलावर मान घालून रकाने भरायचे. लेकरं ओरडतायत म्हणजे शिकतायत. कान शाबूत होते, तेवढ्यावर माझी नोकरी चालली होती.

त्या वर्गात चौथीला एक मुलगी होती. मेंढपाळाची. बाप दिवाळी झाली की मेंढरं घेऊन डोंगर उतरायचा, गेवराईकडं, तलवाड्याच्या अंगाला गोदाकाठी राहायचा, आणि उन्हाळा सरता सरता परतायचा. बायको आणि पोरं बरोबर. घरी फक्त म्हातारी आई. या वर्षी मुलीला म्हातारीजवळ ठेवून शाळा पुरी करू द्यावी, असं मी त्याच्या मागं लागले होते. त्याला ते नको होतं असं नाही, पण कोकरं सांभाळायला हाताखाली माणूस लागतं. शेवटी तो म्हणाला होता की पोरगी खरंच वाचायला शिकली असेल तर ठेवीन, नुसती बसून राहत असेल तर नेईन. मी छाती पुढं काढून सांगितलं, तुमची लेक पाण्यासारखं वाचते. पोळ्यानंतर तालुक्याचे साहेब शाळा तपासायला यायचेत, तेव्हा या आणि आपल्या कानांनी ऐका.

म्हणजे बघा, साक्षीदारसुद्धा मीच बोलावला होता.

साहेब आले. मोटारसायकल लावता लावता म्हणाले, बाई, तुमची शाळा वळणावरूनच ऐकू येते. मी लाजले. वय बघा आणि लाजणं बघा. त्यांनी कुणालाही उठवा म्हटलं, मी त्या मुलीला उठवलं आणि हत्तीच्या आंघोळीचा धडा काढायला सांगितला. मुलीनं पुस्तक उघडलं, त्यावर बोट ठेवलं आणि सुरू झाली. कुठं अडली नाही, कुठं थांबली नाही. हत्ती नदीत उतरला, सोंडेत पाणी घेतलं, माहुताला भिजवलं, धडा संपला. बाप दाराजवळच्या खिडकीबाहेर, तिच्या अगदी पाठीमागं उभा होता. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. साहेबांनी मान डोलावली, शेरेबुकात वाचन उत्तम असं लिहिलं, चहा घेतला आणि गेले. त्यांच्या देखतच मी पर्समधून कंपासपेटी काढून मुलीला दिली होती. माझ्या स्वतःच्या मुलासाठी आणलेली होती ती, पण विजयाच्या भरात माणूस काहीही देऊन बसतं.

मोटारसायकलचा आवाज विरल्यावर बाप आत आला. त्यानं मुलीच्या हातातलं पुस्तक घेतलं, तिनं बोट ठेवलेलं पान माझ्यापुढं धरलं आणि अगदी अदबीनं विचारलं.

"बाई, ह्यात हत्ती कुठंय? हितं तर कुंभार बसलाय."

मला आधी वाटलं, बिचाऱ्याला चित्र ओळखता येत नाही. मी पुस्तक घेतलं. चाकावर कुंभार बसला होता. मी मागचं पान उलटलं, पुढचं उलटलं. हत्तीचा अख्खा धडाच पुस्तकात नव्हता. शिलाईशी कागदाची कुरतडलेली कड तेवढी राहिली होती. नवीन पुस्तकं कमी आली की आधीच्या वर्षीची जुनी वाटायची, त्यातलं ते एक. मुलीला विचारलं तर ती सहज म्हणाली की ती पानं तर कोकरानं पावसाळ्यातच खाल्ली. म्हणजे दोन महिने ती कुंभाराच्या चित्रावर बोट ठेवून हत्तीला आंघोळ घालत होती, आणि मी तिच्यापासून तीन हातांवर बसून होते.

मी काय करावं? हसले. म्हटलं, किती हुशार आहे बघा, धडा तोंडपाठ आहे तिला.

तो हसला नाही. "मंग वाचती म्हून कावून सांगितलं?" एवढंच म्हणाला.

मग लेकरं खिचडीला गेल्यावर दारातच बसून त्यानं मला एक हकिगत सांगितली. मागच्या साली गोदाकाठी मेंढरांना गोचीड फार झाली. त्यानं औषध आणलं. खोक्यात घडी घातलेला कागद होता, तो एका दुकानात बसलेल्या कॉलेजातल्या मुलाला वाचायला दिला. मुलानं घडाघडा वाचल्यासारखं केलं आणि पाजा म्हणाला. यानं पाजलं. दोन गाभण मेंढ्या आणि एक मेंढा संध्याकाळपर्यंत आडवे झाले. नंतर जनावरांच्या डॉक्टरांनी तोच कागद वाचून दाखवला, तेव्हा कळलं की ते अंगाला लावायचं होतं. त्याला घरात वाचणारं माणूस हवं होतं ते यासाठी. घडाघडा वाचणारे त्याला रस्त्यावर पुष्कळ भेटत होते.

दिवाळीपर्यंत थांबा, तोवर तिला खरंच वाचायला शिकवते, असं मी म्हणाले. तो घोंगडी झटकून उठला, नाही म्हणाला नाही. म्हणजे थांबणार, असं मी धरून चालले.

दुसऱ्या दिवशी मी एक गंमत केली. लेकरांना म्हटलं, धडा उलटा वाचायचा. शेवटचं वाक्य आधी, मग त्याच्या वरचं. वर्गात असा शुकशुकाट झाला की गुरुजी आपला वर्ग सोडून बघायला आले. एकोणिसातली चार लेकरं वाचत होती. बाकीची पंधरा माझाच आवाज मला परत देत होती. त्या दिवशी फाट्यावर एसटी येईपर्यंत मी मैलाच्या दगडावर बसून राहिले. वीस वर्षं नोकरी झाली होती. किती कुंभारांवर किती हत्ती बसवले असतील मी?

पुढच्या दोन महिन्यांविषयी काही गोड सांगावं असं फार नाही. एकेका लेकराला जवळ बसवायचं, एकेक ओळ त्याच्याकडून काढून घ्यायची. तोवर बाकीच्यांनी पाटीवर लिहायचं, म्हणजे एकमेकांच्या डोक्यावर पाट्या मारायच्या. एक मूल पाच मिनिटं घेतं, आणि त्या पाच मिनिटांत दोन शब्द हाती लागतात. तिसरा शब्द ते तुमच्या तोंडाकडं बघून ओळखतं. म्हणून मी तोंडापुढं पदर धरून बसायला लागले. ओठ हलले की चोरी होते! दुपारी खिचडीनंतर माझे डोळे मिटायचे, समोरचं लेकरू थांबायचं आणि मी जागी होईपर्यंत शहाण्यासारखं बसून राहायचं. रकाने भरायचे राहून जायचे, ते रात्री घरी भाकरी झाल्यावर. नवरा म्हणायचा, इतकी वर्षं बरी होतीस की, आता काय झालं? त्याला काय सांगणार, कोकरानं पान खाल्लं म्हणून?

पुस्तकाचा उपयोग नव्हता, ते साऱ्यांना पाठ होतं. ज्याला कुणी चाल लावलेली नाही असं काहीतरी पाहिजे होतं. मी साखरेच्या पुड्यांचे कागद आणले, एसटीची तिकिटं आणली, खताच्या पिशव्या आणल्या. आणि लग्नपत्रिका. आमच्याकडं पत्रिका घरोघर भिंतीला खोचलेल्या असतात, देवाचं चित्र वर असतं म्हणून कुणी टाकत नाही. मी वस्तीभर फिरून त्या गोळा केल्या. बायांना वाटलं, बाई आता लग्नं जुळवतात.

आणि ती मुलगी? तिचं तर फार वाईट झालं. काल वर्गात पहिली होती, आज दोन अक्षरांचा शब्द फुटेना. आधी ती हसून वेळ मारायची, मग पाणी प्यायला जायची, मग गप्प झाली. कंपासपेटी तिनं एक दिवस टेबलावर आणून ठेवली. मी म्हटलं, असू दे गं. तर माझ्याकडं न बघता म्हणाली, "मला वाचाया येत व्हतं बाई. तुमीच घालवलं."

मी पेटी तिच्या पिशवीत टाकली आणि दुसऱ्या लेकराला हाक मारली. दमलेल्या माणसाला एवढंच सुचतं.

त्यात गुरुजी एकदा हळूच सांगून गेले की वस्तीवर बोलणं चाललंय, शाळेतून आवाज येत नाही, बाई झोपा काढतात. माणूस सज्जन, पण तेही म्हणाले, बाई, दिवसातून तासभर तरी ओरडू द्या लेकरांना, आपलीही अब्रू राहील. मी नको म्हटलं. ही काही बहादुरी नव्हती. वरचा सूर लावायला माझ्यात ताकदच उरली नव्हती.

दसऱ्यानंतर कधीतरी मी त्या मुलीच्या हातात तिच्याच भावकीतल्या लग्नाची पत्रिका दिली. पत्रिकेत शेवटी पोरांची नावं असतात ना, आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं, त्याखाली सगळी चिल्लीपिल्ली ओळीनं, तशी त्यातही होती. ती पत्रिका घेऊन कोपऱ्यात गेली. मी दुसऱ्या लेकरांत गुंतले. बऱ्याच वेळानं पाहिलं तर ती एकेका नावावर बोट ठेवत होती, ओठ हलवत होती, शेवटापर्यंत जात होती आणि परत पहिल्यापासून सुरू करत होती. तीनदा, चारदा. मग उठून माझ्याजवळ आली. म्हणाली, ह्यात धाकट्या भावाचं नाव आहे, चुलत्याच्या तिन्ही पोरांचं आहे, माझं नाही.

मी पत्रिका घेतली आणि तपासली. खरंच नव्हतं. पत्रिका छापताना मुलींची नावं घालायला कुणाला सुचलं नसेल, किंवा जागा उरली नसेल. तिचे डोळे भरले होते, आणि मला मात्र आतून इतका आनंद झाला की मी तोंड फिरवून फळा पुसायला लागले. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. नसलेलं नाव शोधून तिनं ते नाही म्हणून सांगितलं होतं! आणि मीच ती, जिला दोन महिने अख्खं पान नसल्याचा पत्ता नव्हता.

आता माझा नातू जवळ बसून इंग्रजी कविता म्हणतो, हात हलवून, मान हलवून. सूनबाई कौतुकानं बघत असते. मी हळूच पुस्तकाचं पान उलटते. तो थांबत नाही, तसाच पुढं म्हणत राहतो. मग आम्ही दोघं एकमेकांकडं बघतो. सूनबाईला अजून कळलेलं नाही. या लिखाणानंतर कळेल.

दिवाळीची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी बाप आला. वस्तीखाली मेंढरं गोळा झाली होती, दोन दिवसांत निघणार होती. मी मुलीला उठवलं आणि त्याला म्हटलं, दादा, या वेळी धडा मी काढणार नाही, तुम्हीच काय द्यायचं ते द्या. त्यानं बंडीच्या आतल्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, त्यातून एक चौपदरी कागद काढला. मी लांबूनच ओळखलं. गोचिडाच्या औषधाचा. तो वाचता न येणारा माणूस तेवढ्याच एका कागदावर परीक्षा घेऊ शकत होता, कारण त्यात काय लिहिलंय ते त्याला कळून चुकलं होतं. घरात त्यानं त्यातलं कुणाला सांगितलं नव्हतं. मेंढरं रोगानं मेली असं मुलीला माहीत होतं.

कागदावर चार भाषांत मुंगीएवढी अक्षरं. मुलीनं तो आडवा केला, उभा केला. इंग्रजी सोडून खाली आली. एका ठिकाणी बोट ठेवून दोन शब्द वाचले आणि थांबली. ती म्हणाली, अक्षरं आपली आहेत पण बोलणं आपलं नाही. ते हिंदी होतं. ती आणखी खाली सरकली.

मग ती वाचायला लागली. ते ऐकणं म्हणजे शिक्षा होती. एकेक अक्षर उपटून काढल्यासारखं. "हे औ...ष...ध" ला जेवढा वेळ लागला तेवढ्यात पूर्वी हत्ती नदीतून बाहेर आला असता. "फक्त" ला ती अडली, "बाह्य" ला तर थांबलीच. तीनदा मागं गेली. माझे ओठ आपोआप हलायला लागले, तेव्हा मी पदर तोंडावर घेतला. बाप काठीवर हनुवटी ठेवून तिच्याकडं नाही, कागदाकडं बघत उभा होता. गुरुजींच्या वर्गातली लेकरंही दारात जमा झाली होती, आणि एकाही लेकराच्या तोंडून शब्द निघत नव्हता.

"बाह्य म्हंजी काय बाई?" तिनं विचारलं.

बाहेरून, असं मी सांगितलं. एवढी एक मदत मी केली, ती इथं कबूल करते. तिनं पुढचं वाक्य आपलं आपण काढलं. जनावराच्या पोटात देऊ नये. वाचून झाल्यावर तिनं ते वाक्य पुन्हा मनात वाचलं, ओठ हलताना मला दिसले. मान वर करून बापाला म्हणाली, "आप्पा, ह्ये पाजायचं नसतंय. आपुन पाजलं व्हतं का?"

बापानं तिच्या हातातून कागद घेतला, जुन्या घडीवर घडी घातली, पिशवीत घातला, पिशवी बंडीत. माझं सगळं लक्ष त्या हातांकडं होतं. मला वाटलं, गेलं. इतकं अडखळत वाचणाऱ्या मुलीला कोण ठेवून जाईल? मी सांगायलाही लागले, की दादा, अजून हात बसायचाय, वेग येईल हळूहळू, दोन महिन्यांत एवढंच झालं, चूक माझीच होती. बोलता बोलता माझा आवाज बसला. ज्या आवाजावर ती बाई एवढी वर्षं मिरवली, तो नेमका तेव्हा बसला.

तो दारापर्यंत गेला, चपला घातल्या आणि वळला.

"संक्रांतीपस्तोर ठिवतो तिला म्हातारीपशी. पर आयका बाई, मी बघाया येईन तवा वळणावरनं शाळंचा गलका आयकू आला, तर मी आत बी येणार न्हाई. भाइरूनच हाक मारीन आन पोरीला घिऊन जाईन."